पायलट व्हायचं तर अकरावीला काय घ्यावं? (भौतिक-गणित, एनआयओएस आणि कागदपत्रं)

नभांगण
अकरावीचे अर्ज सुरू झाले की हा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून वेगळा धागा काढतो आहे.

भारतात व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे सीपीएल, काढायचा तर बारावी उत्तीर्ण हवी आणि त्यात भौतिकशास्त्र व गणित हे दोन विषय उत्तीर्ण हवेत. नियमात 'विज्ञान शाखा' असा शब्द नाही, विषयांची नावं आहेत. परवाना देणाऱ्या डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) किमान टक्केवारीची अटही नाही, बोर्डाच्या हिशेबाने पास असलात की झालं. पुरवणी परीक्षेत सुटलेला विषयही तितकाच चालतो. परवाना हातात पडायला वय १८ पूर्ण लागतं.

त्याखालचे दोन परवाने दहावीवर मिळतात. विद्यार्थी परवाना (एसपीएल) १६व्या वर्षी आणि खासगी परवाना (पीपीएल) १७व्या वर्षी. पगार घेऊन विमान उडवायचं तर मात्र सीपीएलच.

माझं मत असं की दहावीनंतर पोरांना 'सायन्सच घे, नाहीतर संपलं' असं घाबरवण्यात अर्थ नाही. दोन विषय नंतरही करता येतात. ज्यांना या वाटेची बारीकसारीक माहिती आहे त्यांनी इथे लिहावं, म्हणजे शोधणाऱ्याला एका जागी सापडेल.

सांगलीकर_पालक
छान धागा. माझा प्रश्न नेमका आहे. बारावी कॉमर्स, राज्य मंडळ, गणित घेतलेलं, भौतिक नाही. आता नक्की काय भरायचं? एकच विषय की दोन्ही? आणि कुठे?

रनवे२७
सांगलीकर, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. बारावी पास झालेल्याला तिथे सगळे विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. 'पार्ट अ‍ॅडमिशन' म्हणून एक-दोन सुटे विषय घेता येतात. उच्च माध्यमिक स्तरावर गणिताचा कोड ३११ आणि भौतिकचा ३१२. फॉर्म भरताना हे आकडे दोनदा तपासा, कारण ३१३ रसायन आणि ३१४ जीवशास्त्र आहे आणि यादीत सगळे एकाखाली एक येतात.

सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मागणीनुसार परीक्षेचीही सोय आहे. महाराष्ट्रासाठी प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे, पण रोजचा संबंध तुम्ही निवडलेल्या अभ्यास केंद्राशी येतो. भौतिकचं प्रात्यक्षिक तिथेच होतं, म्हणून घराजवळचं आणि खरोखर प्रयोगशाळा असलेलं केंद्र निवडा.

मोजमाप
रनवे२७ यांच्या उत्तरात भर. भौतिकमध्ये ८० गुण लेखी, २० प्रात्यक्षिक. दोन्हीकडे स्वतंत्रपणे ३३ टक्के लागतात. अडकतात ते इथेच. लेखी उत्तम जातं, प्रात्यक्षिकाच्या दिवशी गैरहजर, आणि विषय नापास. आधीच्या कॉलेजात प्रयोग झालेलेच नसतात, त्यामुळे व्हर्नियर, स्क्रू गेज, लंबक, मीटर ब्रिज, प्रिझम एवढे तरी हाताखालून घालून जा. गृहपाठाच्या वह्या (टीएमए) वेळेत अपलोड करा, त्यांचे गुण धरले जातात.

आणि एक कळकळीची सूचना. 'परीक्षेला न बसता पास करून देतो' म्हणणारे एजंट शहराशहरांत आहेत. ज्या बोर्डाचं नाव कधी ऐकलं नाही अशा बोर्डाची गुणपत्रिका घेऊन पुढे पडताळणीत नाव बाद झालं, तर पैसे जातातच आणि बनावट कागद दिल्याचा ठपकाही बसतो. एनआयओएस सोपं नाही, पण सरळ आहे. चार-सहा महिने नेटाने बसलं की निघतं.

सांगलीकर_पालक
धन्यवाद दोघांनाही. पण कॉमर्सचं गणित चालेल का, ते राहिलंच.

त्रिज्या
नियमात 'गणित' एवढंच आहे, कोणत्या शाखेचं ते लिहिलेलं नाही. राज्य मंडळात कला-विज्ञानाच्या गणिताचा कोड ४० आणि कॉमर्सचा ८८, दोन्ही पेपरांचं नाव 'गणित व संख्याशास्त्र'च. त्यामुळे कॉमर्सला गणित असलेली मुलं साधारणपणे फक्त भौतिक भरतात.

सीबीएसईवाल्यांनी मात्र अकरावीतच लक्ष द्यावं. तिथे 'मॅथेमॅटिक्स' (०४१) आणि 'अप्लाइड मॅथेमॅटिक्स' (२४१) असे दोन वेगळे विषय आहेत. पायलट व्हायचं डोक्यात असेल तर ०४१ घ्या, वादाला जागाच ठेवू नका.

उंचमाझाझोका
कागदावर चालेल हो, पण अभ्यासाला चालेल का? कॉमर्सच्या गणितात कमिशन, विमा, रेषीय प्रायोजन असतं. त्रिकोणमिती आणि सदिश जवळपास नसतात, आणि नॅव्हिगेशनच्या पेपरात रोज लागतात ते नेमके हेच. वाऱ्याचा त्रिकोण म्हणजे दुसरं काय, दोन सदिशांची बेरीज.

धावपट्टीशी ३० अंशाच्या कोनात २० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा असेल तर आडवा वारा किती? २० गुणिले साइन ३०, म्हणजे १० नॉट. साइन म्हणजे काय हेच माहीत नसलेलं पोर इथे नुसतं पाठांतर करतं आणि आकडे बदलले की फसतं. म्हणून सांगलीकर, भौतिकचा फॉर्म भरा, पण ३११ च्या पुस्तकातली त्रिकोणमिती आणि सदिश ही प्रकरणं परीक्षा नसली तरी सोडवून घ्या. एनआयओएसची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.

वाऱ्यावरची_वरात
+१. मात्र घाबरण्याइतकं गणित नाही. कलनशास्त्र तर लागतच नाही. लागतो तो तोंडी हिशेब. 'साठास एक' हा नियम बघा. ३० सागरी मैल पुढे गेलात आणि ठरलेल्या मार्गापासून २ मैल बाजूला आहात. २ गुणिले ६० भागिले ३०, म्हणजे ४ अंशांची चूक. उतरायचा हिशेब: उंची हजारांत मोजा आणि तिपटीने मैल धरा. ३०,००० फुटांवरून साधारण ९० मैल आधी उतरायला लागायचं. तीन अंशांच्या उतारावर जमिनीसापेक्ष वेग गुणिले ५ म्हणजे मिनिटाला किती फूट उतरायचं ते. १४० नॉटला ७००.

सातवी-आठवीचं गणित आहे, पण एका हाताने विमान सांभाळत, रेडिओवर बोलत करायचं असतं.

विदर्भवीर
भौतिक का लागतं याचं आमच्याकडचं उदाहरण देतो. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १००० फुटांवर. प्रमाण वातावरणात तिथे १३ अंश तापमान धरतात (समुद्रसपाटीला १५, दर हजार फुटांना २ अंश कमी). मे महिन्यात ४३ असतं, म्हणजे ३० अंश जास्त. प्रत्येक जादा अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३६०० फूट. हवेचा दाब प्रमाण असला तरी विमानाला आणि इंजिनाला वाटतं आपण ४६०० फुटांवर आहोत. हवा विरळ, पंख्याची ओढ कमी, इंजिनाची ताकद कमी, धाव लांब, चढण मंद. दोन माणसं आणि टाकी भरून दुपारी १ वाजता सेस्ना १५२ (शिकायचं छोटं, दोन आसनी विमान) उडवायचं का, याचं उत्तर या हिशेबात असतं. सकाळी लवकर उड्डाणं का ठेवतात, तेही यातूनच कळतं.

गोंद्याची_गंधाली
विदर्भवीर दादा, हा हिशेब 'टेक्निकल जनरल'च्या (डीजीसीएचा विमानाच्या तांत्रिक माहितीचा पेपर) क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात फळ्यावर यायला हवा.

नभांगण
सगळ्यांचे आभार. रसायनशास्त्राबद्दल कोणी बोललं नाही अजून. सीपीएलला ते लागत नाही, मग अकरावीत त्याऐवजी भूगोल किंवा आयटी घेऊन डोक्यावरचा भार हलका करावा असं मला वाटतं.

खडकवासला_कट्टा
नभांगण, इथे मी असहमत. रसायन सोडू नका.

एनडीएतून हवाई दलात किंवा नौदलात जायचं तर बारावीला भौतिक, रसायन आणि गणित तिन्ही लागतात. (भूदलाला कोणतीही शाखा चालते.) वय साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा यूपीएससीची, आणि मुलींना २०२१ च्या परीक्षेपासून दार उघडं आहे. पदवीनंतर एएफकॅटच्या (हवाई दलाची प्रवेश परीक्षा) फ्लाइंग शाखेला बारावीत भौतिक व गणितात प्रत्येकी ५० टक्के आणि पदवीला ६० टक्के लागतात. म्हणजे नुसतं पास पुरत नाही. हवाई दलाच्या वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तीही लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे वैद्यकीय तपासणीत वैमानिकाचं दार बंद झालं तर? विमान देखभाल अभियंता व्हायला भौतिक-रसायन-गणित लागतं. एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रक) विज्ञानाची पदवी भौतिक-गणितासह किंवा अभियांत्रिकी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका विषयाच्या कंटाळ्यापायी हे सगळे रस्ते बंद करू नयेत. दहावीत असलेल्या मुलांनी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेचीही चौकशी करावी. राज्य सरकारची आहे, १९७७ पासून चालू आहे. मुलींसाठी नाशिकला आहे.

नभांगण
हा मुद्दा पटला. मूळ लेखात बदल करता येत नाही, म्हणून इथेच लिहितो: विज्ञान घेणाऱ्यांनी रसायन ठेवावं.

नीट_वाली_आई
उलट बाजू. पीसीबी घेऊन गणिताऐवजी भूगोल घेतलेल्या मुलांचं काय? डॉक्टरकीला नंबर लागला नाही की बऱ्याच जणांना विमान आठवतं.

रनवे२७
ताई, त्यांना फक्त ३११ गणित. भौतिक आहेच. प्रात्यक्षिकही नाही. सगळ्यात सोपी केस.

पॉली_पदविका
दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा (मेकॅनिकल) केलेल्यांनी काय करावं? पहिल्या वर्षाला अप्लाइड फिजिक्स आणि मॅथ्स होतंच की.

त्रिज्या
होतं, पण नियम '१०+२ किंवा समकक्ष, भौतिक व गणितासह' असा आहे आणि समकक्ष असल्याचं पत्र तुम्हाला आणावं लागतं. त्या पत्रामागे मंत्रालय ते तंत्रशिक्षण मंडळ अशा चकरा मारण्यापेक्षा एनआयओएसमधून बारावी काढून घ्या. पदविका झालेल्याला ३११ आणि ३१२ जड जात नाही. मात्र तुमच्याकडे बारावीच नाही, त्यामुळे सुटे दोन विषय घेऊन भागणार नाही. पूर्ण पाच विषयांचा प्रवेश घ्या आणि प्रमाणपत्र मिळवा.

परदेशी बोर्डातून, म्हणजे ए लेव्हल किंवा आयबी करून आलेल्यांना भारतीय विद्यापीठ संघाचं (एआययू) समकक्षता प्रमाणपत्र लागतं. आखातातली मराठी मुलं हे शेवटी करतात आणि परीक्षेची तारीख हुकते.

कागदोपत्री
आता मुख्य अडथळ्याकडे येऊ. विषय सुटतात, नावं सुटत नाहीत.

डीजीसीएच्या लेखी परीक्षांना बसण्याआधी 'कंप्युटर नंबर' काढावा लागतो. कंप्युटर विकत घेण्याशी त्याचा संबंध नाही, तो तुमचा कायमचा उमेदवार क्रमांक. परीक्षा पोर्टलवर अर्ज, सोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, सही. गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी होते. डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका असेल तर हे काम हलकं होतं, म्हणून आधी तिथे खातं उघडून दोन्ही दिसतात का ते बघा.

आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर नाव-वडील-आडनाव. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये दोन शब्द, आडनाव निराळं. तीन कागदांवर तीन रूपं आणि प्रत्येक ठिकाणी अर्ज अडकतो. स्पेलिंगची तर तऱ्हाच वेगळी, दहावीला एक 'ए' आणि आधारला दोन.

उपाय: दहावीची गुणपत्रिका मूळ धरा. आधार तिच्याप्रमाणे करून घ्या, मग पासपोर्ट, मग एनआयओएसचा अर्ज, मग वैद्यकीयचा अर्ज. क्रम उलटा झाला तर प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते. दहावीच्याच गुणपत्रिकेत चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. तो आजच करा.

सांगलीकर_पालक
हे वाचून तिन्ही कागद टेबलावर मांडले. आधारवर वडिलांचं नावच नाही!

कागदोपत्री
आत्ता सापडलं हे बरं झालं. दुरुस्ती करून घ्या, नंतरच एनआयओएसचा फॉर्म.

डोळस
मी म्हणेन त्याच्याही आधी वैद्यकीय. एनआयओएसची फी भरण्याआधी क्लास २ (वैमानिकाची पहिल्या पायरीची वैद्यकीय) तपासणी करून घ्या. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडेच जायचं, अर्ज ईजीसीएवर (डीजीसीएचं ऑनलाइन पोर्टल). रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कानांची ऑडिओमेट्री, कान-नाक-घसा, डोळे. चष्मा चालतो. क्लास १ ला चष्म्यासह प्रत्येक डोळा ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ लागतो, आणि उडताना जादा चष्मा जवळ ठेवावा लागतो. रंगांधळेपणा मात्र घात करतो. इशिहाराच्या ठिपक्यांच्या चित्रांची चाचणी गावातल्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते, ती दहावीतच करून घ्यावी.

सीपीएलला क्लास १ लागतं आणि ते क्लास २ नंतर होतं. हवाई दलाच्या केंद्रांत, उदाहरणार्थ बंगळुरू किंवा दिल्लीला, तारीख मिळायला थांबावं लागतं. पन्नास लाखांच्या घरातलं प्रशिक्षण सुरू करण्याआधी क्लास १ हातात असावं, एवढं तरी पाळा.

मोजमाप
डोळस यांच्याशी पूर्ण सहमत. आधी शरीर, मग कागद, मग विषय, मग पैसे.

घाईत_आहे
एसपीएल दहावीवर मिळतं ना? मग बारावीचे विषय होईस्तोवर उडायला सुरुवात केली तर?

रनवे२७
करता येते, बेकायदा नाही. पण मग काय होतं ते बघा. तास भरत जातात आणि सीपीएलच्या लेखी परीक्षेला बसताच येत नाही, कारण कंप्युटर नंबरला बारावीचे विषय लागतात. एकूण २०० तास हवेत. त्यात १०० तास मुख्य वैमानिक म्हणून, २० तास लांब पल्ल्याचे, ज्यात ३०० सागरी मैलांची एक फेरी आणि दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरणं, १० तास उपकरणांवर, ५ तास रात्रीचे. यातले काही तास अर्जाच्या जवळच्या काळातले लागतात. पेपर राहिले की ते तास शिळे होतात आणि पुन्हा पैसे भरून उडावं लागतं. म्हणून एअर नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल हे पेपर आधी काढा. ७० टक्क्यांना पास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मग गोंदिया, धुळे, बारामती, ज्या उड्डाण शाळेत जायचं तिथे जा.

सिएटलवासी
इकडून एक इशारा. अमेरिकेत सीपीएलला शाळेच्या विषयांची अट नाही. वय १८, इंग्रजी वाचता-बोलता-लिहिता यायला हवं, २५० तास. हे ऐकून कॉमर्सची मुलं इकडे येतात, परवाना घेतात, आणि भारतात परत गेल्यावर रूपांतराच्या वेळी डीजीसीए बारावीचं भौतिक-गणित मागतं. तेव्हा पंचविशीत एनआयओएसला बसायची वेळ येते. भारतात नोकरी करायची असेल तर भारताची शैक्षणिक अट आधी पूर्ण करून विमानात बसा.

आशावादी
पण ही अटच निघणार आहे ना? बातमी होती.

खडकवासला_कट्टा
२०२५ मध्ये कला-वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना सीपीएल खुलं करण्याचा प्रस्ताव चर्चेत आला, बरोबर. पूर्वी, नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत, दहावीवरच चालायचं. पण प्रस्ताव म्हणजे नियम नव्हे. राजपत्रात येईपर्यंत जुनी अट धरूनच चाला. आणि अट निघाली तरी पेपर तेच राहतील, वाऱ्याचा त्रिकोण कुठे जाणार?

उंचमाझाझोका
माझ्या मते अट निघावी. तीच परीक्षा देऊन पास होणाऱ्याला बारावीच्या गुणपत्रिकेवरून अडवू नये. वर दिलेले सगळे हिशेब सहा महिन्यांत शिकता येतात.

विदर्भवीर
मला अट असावी असं वाटतं. क्लासवाले प्रश्नसंच पाठ करून घेतात आणि पाठांतरावर ७० टक्के पडतात. शाळेत दोन वर्षं झालेलं भौतिक हा त्याला थोडा तरी अटकाव आहे.

गोंद्याची_गंधाली
टक्केवारीबद्दल एक. डीजीसीएला पास पुरतं, पण उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या सरकारी अकादमीला (इग्रुआ) भौतिक-गणितात खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४५ लागतात. विमान कंपन्यांच्या कॅडेट (शिकाऊ वैमानिक) योजनाही ५० च्या आसपास किंवा वर मागतात, काही इंग्रजीतसुद्धा. त्यामुळे एनआयओएसला ३३ वर समाधान मानू नका, ६० चं ध्येय ठेवा. पदवी मात्र लागत नाही. बी.एस्सी. एव्हिएशन करा हवं तर, पण परवाना वेगळाच काढावा लागतो.

ड्रोनाचार्य
जरा अवांतर: ड्रोन चालवायचं प्रमाणपत्र दहावी पास आणि १८ पूर्ण यावर मिळतं, भौतिक-गणित लागत नाही. शेतीच्या फवारणीत काम आहे. पण ते सीपीएलमध्ये धरलं जात नाही, कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सांगलीकर_पालक
मग आमचा क्रम असा लावतो, चुकलं तर सांगा. इशिहारा आणि क्लास २. आधार दुरुस्ती. दहावी-बारावी डिजिलॉकरला. एनआयओएसला फक्त ३१२, केंद्र प्रयोगशाळा पाहून. ३११ मधली त्रिकोणमिती आणि सदिश घरी. निकाल आला की कंप्युटर नंबर, तोवर क्लास १ ची तारीख.

त्रिज्या
बरोबर. एकच बदल: क्लास २ चा अर्जही आधार दुरुस्तीनंतर भरा, नाहीतर वैद्यकीय नोंद जुन्या नावाने होईल. इशिहारा उद्याच करा, त्याला आधार लागत नाही.

सांगलीकर_पालक
केलं. उद्या सकाळी ११ ची वेळ घेतली आहे.